तिसरा हिरवा दिवा लागत नाही? या चुका टाळा

उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना (डाउनविंडवर) गिअरचा, म्हणजे चाकांचा, दांडा खाली केला, घरघर ऐकू आली, पण प्रत्येक चाक खाली येऊन लॉक झाल्याचे तीन हिरवे दिवे लागण्याऐवजी दोनच लागले. इथे विद्यार्थ्याची पहिली चूक ठरलेली: सर्किटमध्येच, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या उतरण्याच्या फेरीतच, मान खाली घालून शोधाशोध. आधी टॉवरला कळवा, वर चढा, सर्किटबाहेर जा, विमान ट्रिम करा, म्हणजे दांडा धरून न ठेवताही ते सरळ उडेल असं करा. मग एकाने फक्त उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट वाचायची. सोबत इन्स्ट्रक्टर असला की दोघंही दिव्याकडे बघत बसतात, आणि ते जास्त धोक्याचं. 29 डिसेंबर 1972 रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचं 401 हे विमान असंच पडलं. पुढच्या चाकाच्या दिव्याचा बल्ब गेला होता, सगळे त्यातच गुंतले, ऑटोपायलटने उंची सोडलेली कुणाला कळलं नाही. 101 माणसं गेली, एका बल्बपायी.

म्हणून आधी दिव्यावरच संशय घ्या. पायपर ॲरो या छोट्या विमानात नेव्हिगेशन लाइट (पंखांच्या टोकांचे दिवे) चालू असले की गिअरचे दिवे आपोआप मंद होतात. भर उन्हात ते विझल्यासारखेच दिसतात! नेव्हिगेशन लाइटचा स्विच बंद करून बघा. तरीही एकच अंधारा असेल तर लागलेल्या दिव्याशी त्याची अदलाबदल करा. सर्किट ब्रेकर उडाला असेल तर चेकलिस्ट सांगते तेवढंच, म्हणजे फार तर एकदा, आत दाबा. पुन्हा उडाला तर हात लावू नका.

चाकं खाली सोडायचा इमर्जन्सी लिव्हर वापरताना लोक वेग विसरतात. ॲरोची चाकं हायड्रॉलिक दाबाने वर धरलेली असतात. दाब सोडला की ती स्वतःच्या वजनाने खाली येतात. पण पुढचं चाक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उघडतं, त्यामुळे वेग जास्त असेल तर ते अर्ध्यावर अडकू शकतं. ॲरो थ्रीला यासाठी 87 नॉटच्या खाली यावं लागतं. तुमच्या विमानाचा आकडा त्याच्या हँडबुकात बघा. टॉवरजवळून खालून गेलात तर चाकं बाहेर आहेत एवढंच टॉवरमधल्यांना दिसेल, लॉक झालीत की नाही ते नाही.

टच अँड गोमध्ये, म्हणजे टेकून न थांबता पुन्हा उडताना, फ्लॅपचा (पंखांमागच्या झडपांचा) दांडा समजून गिअरचा दांडा उचलणारेही कमी नाहीत. जमिनीवर गिअर उचलू न देणारा चाकांवरचा सेफ्टी स्विच वाचवेल, या भरवशावर राहू नका: वेगात धावताना बराच भार पंखांवर असतो आणि स्विचला विमान हवेतच आहे असं वाटू शकतं. त्यापेक्षा टच अँड गो न करता पूर्ण उतरा: धावपट्टी सोडा, थांबा, मगच फ्लॅपला हात.

आणि पोटावर उतरायची वेळ आलीच तर प्रोपेलर वाचवायला हवेत इंजिन बंद करण्याचा शहाणपणा नको. पाती घासल्याचा आवाज आल्यावर घाबरून थ्रॉटल पुढे ढकलणं तर त्याहून वाईट. वाकलेल्या पात्यांनी पुन्हा वर जाता येईल याची खात्री नाही. सरळ घसरू द्या, मिक्श्चर (इंधन) आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करा, दार उघडून बाहेर पडा. विमानाचं काय ते विमा कंपनी बघेल.