मगाला कान लावताना

हाताने घडवलेल्या मातीच्या मगाचा कान बहुतेक वेळा सांध्यापाशीच सुटतो. कान आणि मग यांच्या ओलाव्यात फरक राहिला, की वाळताना दोन्ही कमीजास्त आकसतात आणि सांध्यावर तडा जातो. म्हणून कान घडवण्याआधी मगाची अवस्था पाहावी. हातात घेतल्यावर त्याचा आकार बिघडू नये, पण नखाने ओरखडा सहज निघावा. कोकण किनाऱ्यावर ही वेळ घड्याळावर ठरवता येत नाही. श्रावणात मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळी चाकावर उठवलेला मग दुसऱ्या दिवशीही मऊ राहू शकतो. उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा सुटला, की पडवीत ठेवलेल्या मगाची वाऱ्याकडची कड आधी कडक होते. अशा वेळी काठावर प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि बूड मोकळे ठेवावे.

कानासाठी माती मगाचीच घ्यावी. ती नीट मळून, हवा काढून, गाजराच्या आकाराचा गोळा करावा. जाड टोक एका हातात वर धरावे, दुसरा हात पाण्यात बुडवावा आणि अंगठा व तर्जनीच्या फटीतून माती खाली ओढत न्यावी. या कामात घाई अजिबात चालत नाही. हात वरपासून टोकापर्यंत एकाच दाबाने सरकला पाहिजे. मध्येच आवळला, तर तिथे पट्टी बारीक होते आणि पुढच्या ओढीला नेमकी तिथेच तुटते. हात कोरडा लागताच पुन्हा भिजवावा, आणि अधूनमधून पट्टीची बाजू बदलावी. शेवटच्या ओढींत अंगठ्याने मधोमध उथळ पन्हळ पाडली, तर कान बोटांत छान बसतो. पातळ, नाजूक कान दिसायला सुरेख असला, तरी भरलेला मग उचलताना बोटांना काचतो. त्यापेक्षा थोडा भरदार कान बरा.

पट्टी वाकवून, आकार धरेपर्यंत थोडी सुकू द्यावी. दोन्ही सांध्यांच्या जागी मगावर आणि कानाच्या टोकांवर आडवेउभे ओरखडे काढून त्याच मातीचा दाट चिखल लावावा, आणि मगाच्या आतून बोटाचा आधार देत कान घट्ट दाबावा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजली जाणारी माती भाजून होईपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आकसते, त्यामुळे बोटांसाठीची फट आत्ता जरा मोठीच ठेवावी. कान सरळ बसला की नाही, हे वरून पाहिल्यावरच नीट कळते.

नंतर संपूर्ण मग रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकावा, म्हणजे दोन्हींचा ओलावा सारखा होतो. कान बारीक असल्याने आधी सुकतो. म्हणून पुढेही त्याच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा राहू द्यावा. पावसाळ्यात मग वरून कोरडा दिसला तरी तो गालाला लावून पाहावा. गार लागला, तर आत पाणी आहे, आणि भट्टीत त्याची वाफ होऊन भांडे फुटू शकते. असा मग फळीवर परत ठेवावा.