बाथरूम नव्यानं करताय? आधी कामाचे तुकडे नीट पाडा

बाथरूमचं काम काढलं की हमखास सल्ला मिळतो: प्लंबर दोन दिवस, गवंडी पाच दिवस, इलेक्ट्रिशियन एक दिवस, असं कागदावर मांडा. कृपा करून असं मांडू नका. ती माणसांची हजेरी झाली. स्वतःची आणि नातेवाइकांची मिळून सहा बाथरूम मी उभं राहून करून घेतली आहेत, आणि प्रत्येक घोळ दोन कारागिरांच्या मधल्या जागेतच झालेला पाहिला आहे.

सोसायटीची परवानगी, बजेट, टाइल्सची निवड हे तुम्ही उरकलेलं असणारच. तोडफोड आणि राडारोडा उतरवणं यांना एकेक ओळ पुरे.

खरं अवघड आहे ते मधल्या कामाचे तुकडे पाडणं. पहिल्या वेळी मी ‘वॉटरप्रूफिंग – गवंडी’ एवढंच लिहिलं होतं. प्लंबरनं नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं ते जाळीखालचं भांडं, बसवला आणि गेला. गवंड्यानं त्याभोवती कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) भरला, वर फरशी लावली आणि तोही गेला. ट्रॅप आणि कोबा यांच्यातला सांधा तपासायचं काम यादीत कुणाच्याच नावावर नव्हतं. पावणेदोन महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर ओल आली आणि नवी कोरी फरशी फोडावी लागली. शेजाऱ्यांसमोर उभं राहताना जे वाटलं ते अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा ‘झालं’ या रूपात लिहिते. ‘वॉटरप्रूफिंग करणे’ असं लिहीत नाही. ‘ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरलं, ४८ तास उभं राहिलं, खालचं छत कोरडं’ असं लिहिते. डोळ्यांनी पाहून हो किंवा नाही म्हणता येत नसेल, तर तो तुकडा अजून फोडायला हवा. पाइपांचंही तसंच: ‘पाण्याचा दाब भरून ठेवला, दाबमापकाचा काटा उतरला नाही, मग झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवल्या.’ झिऱ्या आधी बुजवून चाचणी नंतर घेऊ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. गळती निघाली तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

मग यादी शेवटाकडून उलटी वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा, याच्याआधी काय तयार हवं? शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचं ते फिरवणारा खटका, याच प्रश्नानं सापडतो. सगळे तो ‘शेवटी फिटिंग’मध्ये टाकतात. पण त्याचा भिंतीतला भाग पाइपांबरोबरच बसतो आणि तो किती खोल ठेवायचा हे प्लास्टर आणि टाइलच्या जाडीवर ठरतं. म्हणून डायव्हर्टरची खरेदी आणि टाइलची जाडी नक्की करणं, हे दोन्ही तुकडे पाइप टाकण्याच्या आधी येतात. गीझरच्या वायरिंगची नळीही प्लास्टरपूर्वीच हवी.

थांबण्यालाही यादीत स्वतःची ओळ द्या. कोबा किमान ७ दिवस ओला ठेवायचा असतो. त्या दिवसांत कुणी काम करत नाही, म्हणून ते यादीतून गळतात, आणि गवंडी तिसऱ्या दिवशी फरशी घेऊन दारात उभा राहतो. तारखेसह लिहिलेलं असेल तर त्याला परत पाठवता येतं.

उलट, वाळू आणणं, सिमेंट कालवणं असले तुकडे पाडत बसू नका. ते गवंड्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. एका तुकड्याला एक तपासणी आणि तपासणारा एक माणूस, एवढंच प्रमाण ठेवा. पाण्याच्या चाचणीच्या ओळीसमोर मी स्वतःचं नाव लिहिते आणि खालच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवते, म्हणजे छत पाहायला जाता येतं.

पैशांचे हप्तेही याच ओळींना बांधा आणि काम सुरू होण्याआधीच ठेकेदाराला दाखवा. मोठा हप्ता पाण्याची चाचणी पार पडल्यावर.

टाइल्स, ग्राउट (टाइलमधल्या फटी भरणं), नळ, आरसा: क्रमानं लिहा, पुढचं सरळ आहे.