चंद्रकलांचा तास कॉम्प्युटरवर घ्यायचाय? आधी एवढी तयारी करून ठेवा

सुरुवात लॅपटॉपपासून नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. वद्य पंचमी ते अष्टमी यात कुठे शनिवार येतोय का बघा, कारण शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या तिथींना पोरं मैदानात जमतात तेव्हा चंद्र पश्चिमेच्या बाजूला चांगला वर असतो. या महिन्यात नाही जुळलं तर पुढचा महिना धरा. पावसाळ्यात नादच करू नका, दिवाळीची सुट्टी संपली की आभाळ मोकळं असतं, तेव्हाच घ्या. मी आधी पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ लावायचे आणि धडा झाला म्हणायचे, पोरं बघायची पण मन लावून, पण दुसऱ्या दिवशी विचारलं की चंद्र अर्धा का दिसतो तर निम्मा वर्ग म्हणायचा पृथ्वीची सावली पडते म्हणून! सावली पडली तर ते ग्रहण, रोजच्या कलांचा आणि सावलीचा काही संबंध नाही, आणि हा गैरसमज नुसत्या व्हिडिओने जात नाही हे मला तेव्हा कळलं. पडद्यावरचा चंद्र आणि आपल्या गावावरचा चंद्र एकच आहे हे पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, सगळी तयारी त्यासाठीच आहे.

म्हणून दोन-तीन आठवडे आधी, शुद्ध द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सात वाजता अंगणात जाऊन चंद्र बघायचा आणि वहीत गोल काढून उजेडाचा भाग रंगवायचा, एवढा गृहपाठ द्या. कुठल्या झाडाच्या, कुठल्या डोंगराच्या वर दिसला तेही लिहायला सांगा. मोबाईल लागत नाही, घरात नसला तरी कोणी मागे पडत नाही.

आता कॉम्प्युटर. स्टेलॅरियम नावाचं सॉफ्टवेअर आहे, कुठल्याही गावावरचं कुठल्याही वेळचं आकाश पडद्यावर दाखवतं, फुकट आहे, एकदा घरी किंवा तालुक्याला चांगल्या नेटवर डाऊनलोड करून टाकलं की शाळेत रेंज नसली तरी चालतं. पण ते शाळेच्याच लॅपटॉपवर उघडून बघा, आपल्या घरच्या नाही, जुन्या मशीनवर ग्राफिक्सवरून अडतं कधीकधी आणि हे तासाला कळून उपयोग नाही. एफ ६ दाबून आपल्या गावाचं ठिकाण भरा, आमचं अकोले साधारण १९.५ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व. एफ ५ ने तारीख-वेळ येते, तिथे पोरांनी निरीक्षण सुरू केलं ती तारीख आणि संध्याकाळचे सात टाका. मग बरोबरच्या चिन्हाचं (=) बटण दाबलं की एक दिवस पुढे, वजाचं दाबलं की एक दिवस मागे. बटण पोरांनाच दाबू द्या, वही हातात घेऊन, एकेक तारीख, वहीतला चंद्र आणि पडद्यावरचा चंद्र जुळतो का बघत. चंद्र रोज थोडा पूर्वेकडे सरकतो आणि फुगत जातो, पौर्णिमेला सातला पूर्वेलाच वर आलेला असतो. त्याच्या पुढच्या एक-दोन दिवसांत बटण दाबलं की चंद्र गायब, आणि वर्गातून हमखास आवाज येतो, बाई कुठं गेला? तिथे लगेच उत्तर देऊ नका. कीबोर्डवरचं जी (G) अक्षर दाबा, जमीन नाहीशी होते आणि क्षितिजाखालचा चंद्र दिसतो. मग वेळ सकाळची सात करा, चंद्र पश्चिमेच्या बाजूला हजर. हे सगळं आदल्या रात्री स्वतः तीन-चारदा करून बघा, बोटाला सवय झाली पाहिजे.

सामानात एचडीएमआय केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, प्रोजेक्टर जुना असेल तर त्याचा कन्व्हर्टर, खिडक्यांना लावायला दोन जाड चादरी. माझी एकदा केबल घरी राहिली आणि चाळीस पोरं एका लॅपटॉपभोवती गोळा झाली, मागच्यांना काहीच दिसलं नाही, मला फार वाईट वाटलं, तेव्हापासून केबल शाळेच्या कपाटातच असते. लॅपटॉप रात्री फुल चार्ज करा आणि अपडेट आधीच करून घ्या. लाईट गेली की प्रोजेक्टर बंद, पण लॅपटॉप चालतो, तेव्हा पाच-पाच पोरांचे गट करून दाखवायचं असं आधीच ठरवून ठेवा. आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून बघा चंद्राचा आकार दिसतो का, नाही दिसला तर माउसच्या चाकाने मोठा करून ठेवा.

पडद्याचा भाग वीस मिनिटांत संपवा, चंद्र वर आहे तोवर बाहेर यायचंय. त्यासाठी आठवडाभर आधी पोरांकडून लिंबाएवढे मातीचे गोळे करून, चुना लावून, खराट्याच्या काडीवर टोचून वाळवून ठेवा. मैदानात उन्हात उभं राहायचं, हात लांब करून गोळा चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. गोळ्याचा जेवढा भाग उन्हाने उजळतो, तेवढाच चंद्राचा उजळलेला असतो, त्याच बाजूचा, कारण दोघांवर ऊन एकाच सूर्याचं पडतंय. सूर्याकडे बघायचं नाही हे आधी दोनदा बजावा आणि कोणी भिंतीच्या सावलीत उभं नाही ना ते बघा. गोळे प्रत्येकाला एक असे करा, दोन-चार जास्तच, फुटतात. वह्या पण बाहेर घ्या, गोळा आणि चंद्र शेजारी-शेजारी तिथेच काढून घ्यायचेत, वर्गात परत गेल्यावर नाही.