सर्दीनंतर मूल हाकेला ओ देत नाही? आधी कान तपासा

सर्दी ओसरली तरी कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहतं आणि ऐकू कमी येतं. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही आणि बिचाऱ्याला उगाच ओरडा बसतो.

१. टीव्ही, पंखा बंद करा. मूल खेळात रमलेलं असताना त्याच्या मागे दोन-तीन फुटांवर उभे राहा. सावली दिसू देऊ नका.

२. कुजबुजत्या आवाजात त्याच्या आवडीची वस्तू मागा: "बॉल दे." नुसतं नाव घेऊ नका, टाळी तर नकोच, कमी ऐकणारं मूलही टाळीला वळतं.

३. प्रतिसाद नसेल तर नेहमीच्या आवाजात तेच म्हणा. आता वळलं, तर शंका धरा.

हे दोन-तीन दिवस करून पाहा, कारण ऐकणं रोज कमी-जास्त होतं. टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं "काय?" विचारणं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावणं याही खुणाच.

पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. तरीही शंका आली की डॉक्टरांना दाखवा. बोलणं मागे पडत असेल तर मुळीच थांबू नका. कान वाहत असेल किंवा ऐकणं एकाएकी बंद झालं, तर त्याच दिवशी.

कानात तेल घालू नका. पाणी पडद्याच्या आत असतं, तेल तिथं पोचतच नाही.