मुंबईत बसून ओमाहाची महाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धा कशी पाहावी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद दरवर्षी जून महिन्यात नेब्रास्का राज्यातील ओमाहा या शहरात ठरते. 'कॉलेज वर्ल्ड सिरीज' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगनमधील कॅलामझू येथे सुरू झाली, १९४९ मध्ये एक वर्ष कॅन्सासमधील विचिटा येथे खेळली गेली आणि १९५० पासून ओमाहातच स्थिरावली. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती झाली नाही, एवढाच काय तो खंड. आपल्याकडे याच सुमारास पाऊस सुरू होऊन शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि ओव्हल मैदान चिखलाने भरलेले असते, त्यामुळे मुंबईतील क्रीडाप्रेमीला या दिवसांत सवड असते. ज्यांना क्रिकेट नीट समजते पण बेसबॉलची केवळ तोंडओळख आहे, अशा वाचकांना ही स्पर्धा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत समजून घेत पाहता यावी, यासाठी काय तयारी करावी हे येथे सांगितले आहे.

प्रथम स्पर्धेचा सांगाडा कागदावर उतरवून घ्यावा. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था ६४ संघांची यादी जाहीर करते. त्यांतील जवळपास निम्मे संघ आपापल्या विभागीय संघटनेचे, म्हणजे तिकडच्या भाषेत 'कॉन्फरन्स'चे, विजेते म्हणून थेट येतात आणि उरलेले निवड समिती ठरवते. या ६४ संघांचे चार-चारांचे सोळा गट पडतात आणि बहुधा प्रत्येक गटातील अव्वल मानांकित संघाच्या घरच्या मैदानावर त्या गटाचे सामने होतात. या फेरीला 'रीजनल' म्हणतात. सोळा गटविजेत्यांच्या आठ जोड्या लागून प्रत्येक जोडीत तीनपैकी दोन सामने जिंकणारा संघ पुढे जातो. ही 'सुपर रीजनल' फेरी १९९९ पासून सुरू झाली. त्यातून उरलेले आठ संघ ओमाहाला येतात. तेथे पुन्हा चार-चारांचे दोन गट होतात आणि त्या दोन गटांचे विजेते अंतिम फेरीत समोरासमोर येतात. २००३ पासून अंतिम फेरीही एका सामन्याची न राहता तीनपैकी दोन सामने जिंकण्याची झाली आहे.

गटातील सामन्यांची पद्धत मात्र सावकाश समजून घ्यायला हवी, कारण नवख्याची गफलत होते ती येथेच. एक पराभव झाला म्हणून संघ बाहेर जात नाही. दुसरा पराभव झाला की जातो. आयपीएलच्या बाद फेरीत गुणतक्त्यातील पहिल्या दोन संघांना एक जादा संधी मिळते, ती येथे गटातील चारही संघांना असते. पहिल्या दिवशी दोन सामने होतात. दोन्ही विजेते एकमेकांशी खेळतात, दोन्ही पराभूत एकमेकांशी खेळतात आणि त्या दुसऱ्या सामन्यात हरणाऱ्याचा मुक्काम संपतो. विजेत्यांच्या सामन्यात हरलेला संघ खाली येऊन पराभूतांमधून तरलेल्या संघाशी खेळतो आणि त्यातून जो टिकेल त्याला आतापर्यंत अजिंक्य असलेल्या संघाला सलग दोनदा हरवावे लागते. अजिंक्य संघाला एकच विजय पुरतो. म्हणून एका गटात सहा किंवा सात सामने होतात आणि अंतिम फेरी धरून ओमाहात एकूण १४ ते १७. कोरा तक्ता काढताना सातव्या सामन्याची चौकट तुटक रेषेने काढून ठेवावी.

आता वेळेचा प्रश्न. ओमाहाचे घड्याळ जूनमध्ये मुंबईच्या साडेदहा तास मागे असते. तिकडची वेळ आपल्या वेळेत बदलण्याची सोपी रीत अशी की सकाळ-संध्याकाळची अदलाबदल करावी आणि दीड तास वजा करावा. ओमाहातील दुपारी एकचा सामना आपल्याकडे त्याच रात्री साडेअकराला सुरू होतो आणि सायंकाळी सहाचा सामना दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला. मात्र अमेरिकेतील दूरचित्रवाणीची वेळापत्रके बहुतेकदा पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार छापली जातात आणि ती वेळ ओमाहाच्या एक तास पुढे असते; तेव्हा वेळापत्रकात 'ईटी' अशी खूण असेल तर अदलाबदल करून अडीच तास वजा करावेत. तारखेचेही भान ठेवावे लागते. तिकडचा शनिवार संध्याकाळचा सामना आपला रविवार पहाटेचा असतो, म्हणून तक्त्यात सुरुवातीपासूनच मुंबईची तारीख आणि वार लिहावा. नोकरदार माणसाने रात्रीचा सामना सोडून पहाटेचा धरावा, असे माझे मत आहे. साडेचारला सुरू झालेला सामना साधारण साडेसात-आठपर्यंत आटोपतो आणि शेवटचे एक-दोन डाव (सामना नऊ छोट्या डावांचा असतो, बरोबरी राहिल्यास अधिक) लोकलमध्ये मोबाइलवर पाहता येतात. रात्री साडेअकराचा सामना मात्र पहाटे तीनच्या आसपास संपतो आणि दुसरा दिवस वाया घालवतो.

थेट प्रक्षेपण भारतात कोणत्या मंचावर आहे हे दरवर्षी मे महिन्यातच पाहून ठेवावे. ते न मिळाले तरी एनसीएएच्या संकेतस्थळावर धावफलक आणि सामन्याचा तपशील मिळतो, आणि खरे सांगायचे तर ही स्पर्धा आकड्यांवरूनही चांगली कळते, फक्त योग्य आकडे पाहता आले पाहिजेत.

आकड्यांची लिपी क्रिकेटच्या माणसाला अवघड नाही. धावफलकाच्या उजव्या टोकाला तीन रकाने असतात: धावा, हिट (म्हणजे फटका मारून बेस, धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणे) आणि क्षेत्ररक्षणातील चुका. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावापुढे किती डाव टाकले ते लिहिलेले असते आणि ६.२ असा आकडा दिसल्यास सहा पूर्ण डाव व सातव्यातील दोन बाद असा अर्थ घ्यावा. आपल्या षटकांच्या नोंदीसारखेच हे आहे, फक्त दशांशानंतर दोनच्या पुढे आकडा जात नाही, कारण तीन बाद झाले की डाव संपतो. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ असे क्रमांक असतात: पिचर १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, मग पहिला, दुसरा आणि तिसरा बेस अनुक्रमे ३, ४ आणि ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि बाहेरच्या मैदानातील डावा, मधला व उजवा ७, ८, ९. त्यामुळे '६-४-३' असे वाचले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तेथून तो पहिल्या बेसवर गेला, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद झाले, हे लगेच डोळ्यांपुढे येते. मैदानाची मापेही लक्षात ठेवावीत. २०११ पासून सामने होत असलेल्या ओमाहाच्या आताच्या मैदानावर, म्हणजे चार्ल्स श्वाब फील्डवर, दोन्ही बाजूंच्या रेषांवर कुंपण ३३५ फुटांवर आणि मध्यभागी ४०८ फुटांवर आहे. मध्यभागी उंच मारलेला चेंडू येथे पुष्कळदा झेल ठरतो.

महाविद्यालयीन बॅट धातूची असते, लाकडाची नव्हे. ही मुभा १९७४ पासून आहे. पुढे धातूच्या बॅटी इतक्या जोरदार झाल्या की १९९८ च्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटला २१-१४ असे हरवले. मग बॅटीच्या उसळीवर मर्यादा आणणारा नियम २०११ मध्ये कडक झाला, धावा आटल्या, आणि तोल सावरण्यासाठी २०१५ पासून चपट्या शिवणीचा चेंडू आणला गेला. शिवणीच्या उंचीने खेळ बदलतो हे मुंबईच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या तयारीनंतर मुख्य काम सुरू होते, ते म्हणजे पिचरांचा हिशेब ठेवणे. क्रिकेटमध्ये पाच-सहा जण मिळून गोलंदाजी करतात आणि सर्वोत्तम गोलंदाज दुसऱ्या स्पेलसाठी परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये मैदानाबाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, आणि सामन्याची सुरुवात करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकून गेला की पुढचे चार-पाच दिवस तो संघाच्या उपयोगाचा राहत नाही. नियमित हंगामात आठवड्याच्या अखेरीस तीन सामने असतात आणि तीन सुरुवातीचे पिचर पुरतात; ओमाहात पराभूतांच्या वाटेने जाणाऱ्या संघाला लागोपाठ दिवस खेळावे लागते आणि चौथा, पाचवा पिचर कोठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या दोन सामन्यांतील पराभवाची किंमत गुणतक्त्यात दिसत नाही. ती खांद्यांमध्ये दिसते.

लुईझियाना स्टेट विद्यापीठाची दोन विजेतेपदे शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होईल. २०२३ मध्ये त्यांच्या पॉल स्कीन्सने १७ जूनला टेनेसीविरुद्ध सुरुवात करून सामना जिंकून दिला. पुढच्या सामन्यात संघ वेक फॉरेस्टकडून हरला आणि पराभूतांच्या वाटेला लागला. तेथून टेनेसीला व वेक फॉरेस्टला हरवत २२ जूनला वेक फॉरेस्टशी पुन्हा निर्णायक सामना झाला. स्कीन्सने आठ डाव एकही धाव दिली नाही, समोरच्या ऱ्हेट लाउडरनेही सात डाव फलक कोरा ठेवला, आणि अकराव्या डावात टॉमी व्हाइटच्या होमरनने, म्हणजे षटकारासारख्या कुंपणापलीकडच्या फटक्याने, लुईझियाना स्टेट २-० ने अंतिम फेरीत गेले. पण अंतिम फेरी २४ जूनला सुरू होणार होती, म्हणजे देशातला सर्वोत्तम पिचर तिच्यात खेळू शकणार नव्हता. फ्लोरिडाविरुद्धचा पहिला सामना अकरा डावांत ४-३ असा जिंकल्यावर दुसऱ्यात त्यांची २४-४ अशी दाणादाण उडाली आणि तिसरा त्यांनी १८-४ असा जिंकला. चोवीस धावा खाणे आणि लगेच दुसऱ्या दिवशी अठरा काढणे यात एका अर्थी गूढ काहीच नाही. दोन्ही संघांची हिशेबाची वही शिलकीच्या तळाशी आली होती. त्याच संघाने २०२५ मध्ये ओमाहात एकही सामना गमावला नाही. केड अँडरसनने १४ जूनला आर्कान्सॉविरुद्ध पहिला सामना सुरू केला होता. पराभव न झाल्याने मधल्या काळात त्याला पुरेपूर विश्रांती मिळाली आणि २१ जूनच्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात कोस्टल कॅरोलायनाविरुद्ध त्याने नऊच्या नऊ डाव टाकून १-० असा विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी ५-३ ने विजेतेपद आले.

म्हणून एक साधी वही करावी. प्रत्येक संघासाठी एक पान, आणि पानावर पिचरचे नाव, डावखुरा की उजवा, सामन्याची तारीख, टाकलेले डाव व चेंडूंची संख्या एवढेच रकाने. ठोकळ मानाने मी असे धरतो की नव्वदहून अधिक चेंडू टाकलेला पिचर चार दिवस खर्ची पडला, चाळीस-पन्नास टाकलेला दोन दिवस, आणि वीसच्या आत टाकलेला दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. प्रशिक्षक हे गणित अधूनमधून मोडतात, विशेषतः पुढचा सामना नसण्याचा धोका असेल तेव्हा. ज्या क्षणी मोडतात तोच सामन्याचा पाहण्यासारखा क्षण असतो. जूनमध्ये नेब्रास्कातही गडगडाटी वादळे होतात आणि सामना तासनतास थांबतो. अशा खंडानंतर सुरुवातीचा पिचर बहुधा परत येत नाही, कारण हात थंड पडलेला असतो. तेव्हा पावसाने थांबलेल्या सामन्यापुढे वहीत वेगळी खूण करावी.

कोणत्या संघाला आपला म्हणावे याबाबत मानांकनावर फार विसंबू नये. १९९९ मध्ये मायामी अव्वल मानांकनासह जिंकले, त्यानंतर थेट २०२४ मध्ये टेनेसीला ते साधले. उलट २००८ मध्ये आपल्या गटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनाचा फ्रेस्नो स्टेट हा संघ राष्ट्रीय विजेता झाला. आग्नेय राज्यांच्या 'एसईसी' या कॉन्फरन्सचे वर्चस्व मात्र खरे आहे. २०१९ पासून २०२५ पर्यंतचे प्रत्येक विजेतेपद तिच्याच संघांकडे गेले. शालेय क्रिकेटच्या हॅरिस आणि गाइल्स शील्डच्या बातम्या वाचून मोठ्या झालेल्या मुंबईकराला लहान संघाची बाजू घेण्याची हौस असते, आणि तिला येथे भरपूर वाव आहे. पण लहान संघाकडे तिसरा चांगला पिचर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जीव लावू नये. २०२५ मध्ये मरे स्टेट हा असाच संघ ओमाहापर्यंत पोहोचला आणि तेथे आर्कान्सॉच्या गेज वुडने त्यांच्याविरुद्ध १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे स्वतःच्याच चेंडूंवर बाद, करत एकही हिट दिली नाही. ओमाहात असे १९६० नंतर प्रथमच घडले.

अंतिम फेरीसाठी कामाची आखणी आधी करावी. ती बहुधा शनिवारी सुरू होते. पहिला सामना आपल्याकडे बहुधा रविवारी पहाटे येतो. दुसरा तिकडच्या रविवारी असून कधी दुपारी ठेवला जातो, तेव्हा आपल्या रविवारी रात्री उशिरा जागावे लागते. तिसऱ्या सामन्याची गरज पडली तर तो मंगळवारी पहाटे येतो, आणि तो पडणार की नाही हे सोमवारी सकाळपर्यंत कळलेले असते. रजेचा अर्ज करायचा असल्यास तो त्या सकाळी कार्यालयात गेल्या गेल्या द्यावा.