कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकताना: एका जोडामागचा हिशेब

ऑनलाइन दुकान काढायला किती खर्च येतो, असं मला महिन्यातून दोन-तीन जणी तरी विचारतात. बहुतेकींच्या मनात वेबसाइटचा खर्च असतो. माझ्याही तोच होता. २०२२ मध्ये नोकरीतून साठवलेले दीड लाख रुपये घेऊन मी कोल्हापुरात राहत्या घरातूनच चपला विकायला लागले. त्यातले ३५ हजार वेबसाइट करून देणाऱ्याला दिले आणि मोठा खर्च उरकला, असं समजले. उरलेले पैसे सहा महिन्यांत संपले. कुठे संपले ते कळायला मला वही घेऊन बसावं लागलं.

वेबसाइटचं आधी सांगते. वूकॉमर्स, म्हणजे वेबसाइटवर दुकान मांडायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. डोमेनला (साइटच्या नावाला) वर्षाला हजाराच्या आत आणि होस्टिंगला (साइट ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेला) तीन-चार हजार, एवढ्यात साधं दुकान उभं राहतं. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर किती ते आधी विचारा. फोटो मी खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर, मोबाइलने काढते. मात्र प्रत्येक चपलेचा तळ आणि कान जवळून दाखवते, कारण कोल्हापुरी घेणारा माणूस आधी तेच बघतो.

माझे पैसे खरे अडकले ते मापांत. पुरुषांची ६ ते ११ अशी सहा मापं. चार डिझाइन आणि प्रत्येक मापाचे दोन जोड धरले तरी ४८ जोड होतात. जोडाला ६२० रुपये धरले तर २९,७६० रुपये. त्यातली ८ आणि ९ मापं पंधरा दिवसांत संपली, ६ आणि ११ कपाटात राहिली. मग जून आला. कोल्हापूरच्या पावसात कातड्याला बुरशी धरते, हे लहानपणापासून बघत आलेय, तरी मी जोड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवले होते. नऊ जोड गेले. आता माल उघड्या रॅकवर असतो, आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसते आणि कडेच्या मापांचा एकच नमुना ठेवते. ऑर्डर आली की सुभाषनगरमधले आमचे कारागीर काका जोड करून देतात. 'आठ दिवस लागतील' असं पानावर स्पष्ट लिहिलं तर गिऱ्हाईक थांबतं. न लिहिता उशीर केला तर थांबत नाही.

दुसरा धडा खोक्याचा. माझ्या जोडाचं वजन साधारण ७०० ग्रॅम, म्हणून मी एक किलोचा कुरिअर दर धरला होता. बिल दीड किलोचं आलं. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे घेतात. माझं खोकं ३० × २० × १० होतं, म्हणजे १.२ किलो. टप्पे अर्ध्या किलोचे, म्हणून दीड किलो. मी चपला एकीवर एक उलट्या ठेवून ३० × १६ × १० चं खोकं करून घेतलं. वजन ०.९६ किलोवर आलं आणि बिल एका किलोचं झालं. खोक्यांची ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन बसा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी ५०० खोकी छापून घेतल्यावर बसले होते.

कॅश ऑन डिलिव्हरीने मला सगळ्यात जास्त रडवलं. पहिल्या ६० ऑर्डरींपैकी १७ परत आल्या. दार बंद, फोन बंद, किंवा 'नको आता'. जायचे ९५ आणि यायचे ८० रुपये, म्हणजे जोडामागे १७५, एकूण २,९७५ रुपये. वर चेपलेली खोकी. ज्यांनी माल घेतला त्यांचे पैसेही माझ्या खात्यात यायला आठ-दहा दिवस लागायचे, काकांना मात्र जोड उचलतानाच द्यावे लागत. त्यांचं घर त्यावर चालतं, त्यांना थांबा म्हणणं मला पटत नाही. म्हणून भांडवलाचा हिशेब करताना मालाच्या किमतीइतकीच रक्कम या वाटेतल्या पैशांसाठी धरा. आता मी कॅश ऑन डिलिव्हरीला १५० रुपये आगाऊ घेते आणि पाठवण्याआधी स्वतः फोन करते. ऑर्डरी कमी झाल्या, पण परत येणारे जोडही क्वचितच.

आज १,२९९ रुपयांच्या एका जोडाचं माझं गणित असं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे. तो किमतीतच धरला तर ६२ रुपये सरकारचे, उरले १,२३७. कारागिराला ६२०, खोकं-कागद-टेपला ४५, कुरिअरला ९५, पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेला) दोन टक्क्यांप्रमाणे २६, आणि जाहिरातीला ऑर्डरमागे सरासरी २१०. बेरीज ९९६. हातात राहतात २४१. पाचातला एक जोड मापासाठी बदलून द्यावा लागला, तर परत उचलणं आणि पुन्हा पाठवणं मिळून दोनशेच्या वर जातात, म्हणजे प्रत्येक जोडावर आणखी चाळीसेक. उरलेल्या दोनशेत वेबसाइट, होस्टिंग, हिशेबनीस आणि माझी मजुरी. किंमत ९९९ ठेवली असती तर काय उरलं असतं, ते तुम्हीच मांडून बघा. सुरुवातीला मी ९९९ लाच विकत होते.

नोंदण्यांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. मी सरकारी वाटणाऱ्या एका खाजगी साइटवर १,५०० रुपये भरले, तुम्ही भरू नका. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, त्याखाली ही नोंदणी लागत नाही, पण परराज्यात माल पाठवायचा तर ती साधारणपणे कामाला येत नाही. हस्तकलेला काही सवलती आहेत, त्या आपल्याला लागू होतात का ते सल्लागाराकडून तपासून घ्या. नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, आणि ते चुकलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. ट्रेडमार्कसाठी, म्हणजे आपल्या दुकानाचं नाव राखून ठेवायला, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये पडतात, तेही मालाच्या एका वर्गाचे. पादत्राणं २५ व्या वर्गात येतात. हा खर्च मी दुसऱ्या वर्षी केला आणि तो तेव्हाच करावा असं माझं मत आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आहे. त्याचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडे आपल्या चपलेची चर्चा सुरू झाली. माझ्याकडे चार दिवसांत एरवीच्या महिन्याइतक्या ऑर्डरी आल्या. आनंदाच्या भरात मी सगळ्या घेतल्या. काकांनी सांगितलं, "पोरी, पावसात तळ वाळत नाही गं." घाई केली तर चप्पल पायात वाकडी होते. तेवीस जणांचे पैसे परत केले. परतावा दिला तरी गेटवेने कापलेलं शुल्क परत मिळालं नाही, जाहिरातीचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी जाहिरात बंद ठेवते आणि पानावर दर आठवड्याला किती जोड होणार तो आकडा टाकते. आकडा मला काकाच सांगतात.

मापाची अदलाबदल कमी करायला आम्ही एक साधी पद्धत काढली आहे. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कडा काढायला सांगतो, शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवतो. मी तो खऱ्या मापात छापून काकांकडे नेते. ते कागदावर बोट फिरवतात, अंगठा कुठे बसेल ते बघतात, मगच कातडं कापतात. छपाईला पाच रुपये लागतात, आणि वहीत मी ते जोडामागच्या खर्चात लिहिते.