वेबसाइटचे फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतात, सर्व्हरवर अपलोड केल्यावर गायब होतात?

कारण बहुतेकदा फाइलच्या नावात असतं. विंडोज नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच धरतं, लिनक्स सर्व्हर त्यांना वेगळं समजतो.

१. एका साइटला एकच मुख्य फोल्डर. इंडेक्स फाइल, म्हणजे साइटचं पहिलं पान, थेट त्यात. फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट यांचे फोल्डर त्याच्या आत. फोटोशॉपच्या मूळ फाइल मात्र बाहेर, म्हणजे त्या चुकून अपलोड होत नाहीत.

२. सगळी नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, स्पेसच्या जागी हायफन. कॅमेऱ्यातल्या फोटोंचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .JPG वगैरे) बरेचदा कॅपिटलमध्ये असतं आणि विंडोज ते सहसा लपवून ठेवतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूत एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा. माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास इथेच वाचतो.

३. कोडमध्ये 'सी' ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता नको. त्या पानापासून फोटोपर्यंतचाच मार्ग लिहा.

जुन्या साइटची नावं बदलण्यापूर्वी अख्ख्या फोल्डरची कॉपी करून ठेवा, आणि नाव बदललं की एडिटरमध्ये जुनं नाव पूर्ण फोल्डरभर शोधून तेही बदला. फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर विंडोजवर नुसता कॅपिटल-स्मॉलचा बदल त्याच्या लक्षात येत नाही. तिथे 'गिट एमव्ही' कमांडनेच नाव बदला.